पस्तीस तारीख

आरुषीनं सहा कॉम्प्युटर विहारात मांडले आणि घरात दोन पक्ष पडले.

तसं या घराला भांडायला कॉम्प्युटर लागतात असं नाही. मागच्या वैशाख पौर्णिमेला खिरीत वेलदोडा घालायचा की जायफळ, यावरून बाळकृष्णअण्णा आणि त्यांची लेक आरुषी चार दिवस एकमेकांशी फोनवर बोलले नव्हते, आणि खीर केली होती तिसऱ्याच कुणीतरी. पण या वेळचं भांडण अप्पांच्या वर्गाचं होतं. म्हणून सगळे जरा जपून, आवाज खाली ठेवून भांडत होते.

अप्पा, म्हणजे जोतिबा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. अळणावरकडच्या खेड्यातून येऊन हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात हमालीला लागलेला हा माणूस वयाच्या छत्तिसाव्या वर्षी अक्षरं शिकला, आणि शिकलेली अक्षरं त्याच आठवड्यात गल्लीतल्या इतरांना शिकवू लागला. तोच हा रविवारचा वर्ग. विहाराच्या मागच्या खोलीत पन्नास वर्षं भरत आलेला. आरुषीच्या बेंगळुरूच्या कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा तिनं त्यातले सहा मागून आणले. आता पुढच्या रविवारपासून त्याच खोलीत कॉम्प्युटरला काम कसं सांगायचं ते शिकवायचं होतं. नावं आली होती एकोणीस. चौदा पोरंपोरी, चार बायका आणि वर्कशॉपातून निवृत्त झालेला एक सुतार. काय शिकवायचं आणि कुणी, हे आजच ठरायला हवं होतं, कारण आरुषीची गाडी संध्याकाळची होती.

बाळकृष्णअण्णांचं म्हणणं, सी. एकतीस वर्षं त्यांनी डिप्लोमा कॉलेजात हीच भाषा शिकवली होती आणि गेल्याच वर्षी ते निवृत्त झाले होते. आरुषीचं म्हणणं, पायथन. ती रोज त्यातच काम करायची. सगळं जग त्यातून सुरुवात करतंय, असं ती म्हणायची, आणि सगळं जग हा शब्द ऐकला की अण्णांच्या कपाळावर आठी चढायची.

योगिताचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. ती अण्णांची सतरा वर्षांनी धाकटी बहीण. विहाराला लागूनच असलेल्या आईच्या दोन खोल्यांच्या घरात ती सगळ्यांचा चहा ठेवत होती. सकाळी नळाला पाणी येऊन गेलं होतं, त्यामुळे घरातलं प्रत्येक भांडं, अगदी पातेल्याच्या झाकणापर्यंत, काठोकाठ भरलेलं होतं. बाहेर आषाढाची बारीक झिमझिम चालू होती. भरलेल्या घागरींवर खिडकीतला उजेड हलत होता आणि छतावर पाण्याची सावली पोहत होती. योगिता त्या सावलीकडे बघत राहिली. तिला अशी तंद्री लागायची, लहानपणापासून. आई म्हणायची, या पोरीला उभ्या उभ्या स्वप्न पडतं.

आज मात्र तंद्रीत राहून चालणार नव्हतं. तिच्यापाशी एक गोष्ट होती, आठ महिने दडवून ठेवलेली, आणि आज ती बोलली नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही, हे तिचं तिला कळून चुकलं होतं.

ती शिकत होती. नवनगरच्या एका शाळेच्या ऑफिसात ती मदतनीस होती. जायला यायला चिगरी नावाची शहरबस, एका वेळेला पंचवीस मिनिटं. मुलानं, सुरजनं, टाकून दिलेल्या फोनवर कानात बोंडं घालून ती कन्नडमधले धडे ऐकायची. शिकवणारी बाई भराभर बोलायची म्हणून वेग निम्मा करून ठेवलेला, त्यामुळे ती बाई झोपेतून बोलल्यासारखी वाटायची. बाहेर झाडं, दुकानं, शेतं मागं सरकत आणि आत ती संथ बाई सांगत असे, आता दुसऱ्या ओळीत लिहा. योगिता फोनवरच अंगठ्यानं लिहायची. नवऱ्याला वाटायचं, बायको मालिका बघते. तिनंही कधी सांगितलं नाही की मालिका नव्हे, पायथन.

सांगणार कशी? सतराव्या वर्षी ती अण्णांच्याच कॉलेजात, अण्णांच्याच वर्गात बसली होती. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर सीच्या पाच ओळी लिहिल्या. हिनं हात वर करून विचारलं, पहिली ओळ कशासाठी? अण्णा म्हणाले, "आत्ता विचारू नको, नंतर कळंल. लिहून घे." ते नंतर काही आलंच नाही. वर्षअखेर तिला शंभरात अकरा मिळाले. कॉलेज सुटलं, दुसऱ्या वर्षी लग्न झालं. घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही, आणि न काढलेला विषय सगळ्यांना पाठ होता.

"योगे," अण्णा चहाच्या निमित्तानं आत आले. "तू सांग की आईला. पाया म्हणजे पाया. कौलं आधी घालून कोण भिंत बांधतंय? सी शिकला तो कुठं अडत नाही. माझी पोरं आज कुठं कुठं पोचल्यात."

"हं."

"हं काय? आई तुझं ऐकती. आरुषीला वाटालंय हे सगळं खेळ हाय. एक ओळ लिहिली, नाव छापून आलं, टाळ्या. त्याला शिकणं म्हणत नाहीत."

"साखर बघ जरा," योगिता म्हणाली. अण्णांनी चमचाभर चहा चाखला, मान हलवली आणि आपलं काम झालं असं समजून ते गेले. या घरात योगिताच्या गप्प राहण्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं लावायची रीतच होती.

ते गेले तशी मागल्या दारानं आरुषी आली. भिजलेले केस, हातात वायरींचं भेंडोळं.

"आत्या, तू माझ्या बाजूनं आहेस ना? पप्पा पहिल्याच दिवशी पोरांना घाबरवून सोडणार. अर्धविराम राहिला, चूक. कंस राहिला, चूक. तुला तर माहीतच..." आरुषीनं जीभ चावली.

"बोल की. मला तर माहीतच काय?"

"काही नाही. सॉरी, आत्या."

"कप घे बाहेर," योगिता म्हणाली. तिला राग आला नव्हता. या पोरीला आपलं दुखणं माहीत आहे आणि त्याचा तिला स्वतःच्या बाजूनं उपयोगही करून घ्यायचाय, एवढंच तिच्या मनात आलं, आणि थोडं हसूही आलं. जोतिबाची नात होती शेवटी.

चहा उतू जायच्या बेतात आला तरी तिनं गॅस बारीक केला नाही. तिच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातली ती सकाळ आली. गल्लीत पाणी आठ दिवसांआड यायचं. कधी येणार यावरून बायकांच्यात रोज खल चालायचा, म्हणून योगितानं फोनवर तीन ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीत, आज किती तारीख? सत्तावीस. दुसऱ्या ओळीत, त्यात आठ मिळव. तिसऱ्या ओळीत, छाप. तिनं बटण दाबलं. फोननं अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, पाणी पस्तीस तारखेला येईल.

पहिल्यांदा ती हसली. मग तिचा उतरायचा थांबा मागं पडला तरी ती बसूनच राहिली. पस्तीस तारीख! कुठल्याच कॅलेंडरात नसलेला दिवस. त्या दिवशी शाळेला सुट्टीही नसणार आणि शाळाही नसणार. कुणाचा वाढदिवस नाही, कुणाचा स्मृतिदिन नाही, कुणाची बिलं भरायची शेवटची मुदत नाही. त्या दिवशी ती कुणाची बहीण नव्हती, कुणाची आत्या नव्हती. नळाला मात्र भरपूर पाणी होतं. त्या दिवशी ती पुन्हा सतरा वर्षांची होऊन पहिल्या बाकावर बसली होती आणि हात वर करून विचारत होती, आणि समोरचं माणूस थांबून, तिच्याकडे बघून उत्तर देत होतं. असे अकरा दिवस गेले. चूक कुठं होती हे तिला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. पण दुरुस्त करायचं तिच्या जिवावर आलं. अकराव्या दिवशी तिनं ती दुरुस्त केली आणि बसमध्ये एकटीच रडली. शेजारची बाई म्हणाली, "यान आयतु?" काय झालं? योगिता म्हणाली, काही नाही, महिना संपला.

"चहाचं अमृत करालीस काय गं?" बाहेरून आईची हाक आली.

विहाराच्या मागच्या खोलीत चटईवर सगळे बसले होते. आई, म्हणजे सरूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, भिंतीला टेकून. त्यांच्या शेजारी योगिताचा नवरा बुद्धभूषण. अमरगोळच्या बाजार आवारात तो पोती तोलायचा, आणि तोलणाऱ्या माणसाच्या सवयीनं कुठल्याच बाजूला पटकन झुकायचा नाही. समोर सहा कॉम्प्युटर, एक चालू.

आरुषीनं आधी दाखवलं. एक ओळ लिहिली आणि पडद्यावर सरूबाईंचं नाव आलं.

"अय्या!" सरूबाई पुढं झाल्या. "माझं नाव लिवलं हो त्यानं."

"एका ओळीत, आज्जी."

मग अण्णा उठले. खडूनं फळ्यावर पाच ओळी लिहिल्या, प्रत्येक अक्षर कोरून काढलेलं, कंसाच्या खाली कंस. शेवटी मागं सरून त्यांनी फळ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात एकतीस वर्षं होती, आणि क्षणभर योगितालाही वाटलं की किती देखणं लिहितो हा माणूस.

"ह्यानं पण आईचं नावच येणार," अण्णा म्हणाले. "पण मशिनीच्या पोटात काय चाललंय ते ह्यात कळतं."

"मग पहिली ओळ कशाला हो, अण्णा?" भूषणनं साधेपणानं विचारलं.

"ते नंतर कळंल, भूषणराव. आत्ता तसंच घ्यायचं."

योगितानं कप खाली ठेवला. कपबशीचा जरा जास्तच आवाज झाला.

"बघा!" आरुषी म्हणाली. "पहिलाच प्रश्न, आणि उत्तर नंतर."

"आणि तुझ्या एका ओळीत काय कळतंय? जादू कळती. जादू शिकवायची हाय काय आपल्याला? आपली पोरं स्वस्तात नकोत. एवढ्या पिढ्यांनी वर आलेली पोरं, त्यांना पक्कं द्यायला पाहिजे."

"पक्कं देईपर्यंत पोरं टिकायला नकोत?"

"टिकतील. मी टिकलो."

"तुम्ही एकटे टिकला, पप्पा."

झिमझिम थोडी वाढली. पत्र्यावरचा आवाज खोलीत भरला आणि दोघंही ओरडल्यासारखे बोलू लागले. भूषण म्हणाला, पायथनमध्ये लवकर नाव येतंय, तर तेच बरं. अण्णा म्हणाले, तोलताना लवकर तोलता की बरोबर तोलता? भूषण म्हणाला, तेही खरंच. आरुषीनं आत्याकडं पाहिलं, अण्णांनीही पाहिलं. योगिता चटईच्या काडीशी चाळा करत बसली.

"साकु!" सरूबाईंनी हात वर केला. पुरे. "ह्यांचा नेम काय होता?"

नेम सगळ्यांना माहीत होता. शेवटी शिकला तो आधी शिकवणार. चौथीतल्यानं तिसरीतल्याला, काल बाराखडी आलेल्या बाईनं आज आलेल्या बाईला. अप्पा म्हणायचे, जुन्या शिकलेल्याला रस्ता आठवतो, खड्डे आठवत नाहीत. बाहेरचे लोक हसायचे या पद्धतीला. मोठे मास्तर घरात असताना कच्च्यानं शिकवायचं? पण पन्नास वर्षं त्या खोलीत दुसरी रीत चालली नव्हती.

"मग त्या नेमानं कोण?" सरूबाईंनी विचारलं.

"आरुषी," अण्णा नाइलाजानं म्हणाले. "आमच्यात शेवटी तीच शिकली. सहा वर्षं झाली."

आरुषीचा चेहरा उजळला.

"पण ही बेंगळूरात," सरूबाई म्हणाल्या. "शिकवणारा म्होरं पाहिजे. फोनातला मास्तर कुणाचा हात धरणार?"

"मी महिन्यातून एकदा..."

"हौदु, ये की. आणि बाकीचे तीन आईतवार?"

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "मी हाय की. मला आता वेळच वेळ हाय." आणि ते इतक्या आशेनं म्हणाले की कुणाला नाही म्हणवेना. निवृत्त झाल्यापासून ते रोज दाढी करून, शर्ट खोचून नऊ वाजता तयार व्हायचे आणि कुठंच जायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आरुषीची मानसुद्धा खाली गेली. ठरल्यातच जमा होतं.

योगितानं समोरचे रिकामे कप मोजले. आता कुणीतरी उठेल, कप गोळा करील. बहुतेक आपणच.

"मी शिकले," ती म्हणाली.

"काय शिकलीस?" भूषण म्हणाला.

"पायथन. आठ महिने. मागच्या महिन्यात जरा यायला लागलं."

"मग ती मालिका?"

"मालिका नव्हती ती."

भूषणनं तिच्याकडं असं पाहिलं की सबंध आठ महिने तो पुन्हा मनात तोलून बघतोय. मग तो मोठ्यानं हसला. "मी गल्लीत सांगालतो, आमची बायको मालिका बघून बघून हसती, रडती..."

अण्णा हसले नव्हते. "फोनवर बघून?" ते म्हणाले. "योगे, ते म्हणजे..."

"दाखव," सरूबाई म्हणाल्या.

योगिता कॉम्प्युटरसमोर बसली. एवढ्या मोठ्या बटणांच्या पाटीवर तिनं कधी लिहिलं नव्हतं. एक अक्षर शोधायची, दाबायची, पुढचं शोधायची. आरुषीचा हात मदतीला पुढं आला. "राहू दे," योगिता म्हणाली. तिनं त्या तीन ओळी लिहिल्या, पहिल्या सकाळी लिहिल्या होत्या तशाच. दुरुस्त केलेल्या नव्हे, चुकीच्याच. का ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण तो दिवस तिला यांना दाखवायचा होता.

"नळाला पाणी कधी येणार ते सांगतंय हे," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

पडद्यावर पस्तीस आलं.

"पस्तीस तारीख!" अण्णा मागं रेलले. "हे तुझं पायथन."

"आत्या, तयार कॅलेंडर असतं त्यात," आरुषी घाईनं म्हणाली. "एक ओळ वर टाकायची, मग सगळे महिने आपोआप..."

"सीमध्ये बारा महिन्यांचा ॲरे करायचा, ओळीनं यादी," अण्णा म्हणाले. "मग..."

"थांबा की दोघं," सरूबाई म्हणाल्या. त्या सरकत सरकत पडद्याजवळ आल्या होत्या. "योगे, म्हंजे ह्याला महिना कवा संपतो ते ठावं न्हाई?"

"नाही, आई. त्याला महिना म्हणजे काय तेच माहीत नाही. आपण सांगू तेवढंच त्याला कळतं."

"आणि आपल्याला वाटतंय, एवढं मोठं मशीन, त्याला सगळं ठावं."

"मला पण तसंच वाटलं होतं. अकरा दिवस मी इथंच थांबले होते."

"मग सांग की त्याला."

योगितानं आणखी दोन ओळी लिहिल्या. एकतिसाच्या वर गेलं तर एकतीस वजा कर. दुसरी ओळ तिनं मुद्दाम समासापासून चार घरं आत सरकवली. "ही जागा सोडली नाही तर ते रुसून बसतं," ती म्हणाली. "ह्यापायी माझे तीन दिवस गेले." बटण दाबलं. चार तारीख आली.

"हां!" सरूबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण जून तीसचा असतोय की."

अण्णा आपल्या आईकडं बघत राहिले. एकतीस वर्षांत वर्गातल्या पोरांनी त्यांना प्रश्न विचारले नव्हते असं नाही, पण पोरं परीक्षेत काय येणार ते विचारायची.

सरूबाईंनी डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या बोटानं एकेक हाड मोजायला लागल्या. "हे उंच, एकतीस. हा खळगा, तीस. हे उंच, एकतीस. ही मूठ सांग त्याला."

"फेब्रुवारी, आज्जी?" आरुषीनं विचारलं.

"त्याचं येगळं सांगायचं. परत्येक घरात तसला एक असतोच." त्यांनी अण्णांकडं पाहिलं नाही, पण भूषणनं चहाचा ठसका आवरला.

"त्यालाच ॲरे म्हणतात, आई," अण्णा हळूच म्हणाले.

"तू काय बी म्हण. मी मूठ म्हणते." मग त्या भिंतीशी परत टेकल्या. दमल्या होत्या, पण डोळे लकाकत होते. "सी का पायथन ते मला कळत न्हाई. पण ह्या पोरीला खड्डा कुठं हाय ते अजून आठवालंय. ह्यांचा नेम हाच हाय. योगिता शिकवणार. कुठली भाषा ते पण तीच सांगंल."

सगळे तिच्याकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं गप्प राहणं कुणाच्या सोयीचं नव्हतं.

"पायथन," योगिता म्हणाली. "पण तयार कॅलेंडर नाही, आरुषी. सुरुवातीला नाही. पोरांना पस्तीस तारखेपर्यंत आपल्या पायानं जाऊ दे. तिथं ती हसतील, मग विचारतील. आणि समजावून सांगायचं ते मराठीत, ज्याला पाहिजे त्याला कन्नडमध्ये. सहा महिन्यांनी सी. तोवर त्यांना ती पहिली ओळ कशाला ते खरंच जाणून घ्यावंसं वाटंल."

आरुषीनं मान डोलावली. जिंकल्याचा आनंद करावा की कॅलेंडर गेल्याचं दुःख, तिला समजेना. भूषण म्हणाला, "बरोबर बसलं." त्याच्या तोंडी याहून मोठी तारीफ नव्हती.

अण्णा उठले. त्यांनी फळा पुसला, सावकाश, पाचही ओळी. दाराशी जाऊन चपला पायात घातल्या.

"बरं झालं," ते पाठमोरेच म्हणाले. "आता नापास झालेल्यांनी शिकवायचं."

आरुषी ताडकन उठली. "पप्पा!"

"बस, आरुषी," योगिता म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका शांत होता. "अण्णा, रिझल्ट लागला त्या संध्याकाळी तू अप्पांना काय म्हटलास ते मी ऐकलंय. मी आत तांदूळ निवडालते. दार अर्धं उघडं होतं. तू म्हटलास, तिचं डोकं यात चालत नाही, शिकवून उपयोग नाही, स्थळ बघा."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. सरूबाईंनी डोळे मिटले. त्याही तेव्हा अप्पांच्या शेजारी होत्या.

अण्णांनी वळून पाहिलं. चेहरा एकदम म्हातारा झाला होता. "सव्वीस वर्षं," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं एक शब्द बोलली नाहीस. भांडायचीस की माझ्याशी! ह्या घरात कोण भांडत नाही?"

"भांडायला तू चुकीचा वाटायला पाहिजे होतास," योगिता म्हणाली. "मला तू बरोबरच वाटलास, अण्णा. परवा परवापर्यंत."

तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर आपण रडू. पण रडू आलं नाही. अण्णाच दाराची चौकट धरून उभे राहिले. बाहेर गल्लीतून कुणीतरी भरलेली घागर घेऊन गेलं, वाटेत पाणी सांडत. अण्णा ते माणूस दिसेनासं होईपर्यंत बघत होते. मग त्यांनी चपला काढल्या. आत येऊन ते फळ्यासमोर, चटईवर, पोरं बसतात त्या जागी मांडी घालून बसले. गुडघ्यांचा आवाज झाला.

"पुढच्या रविवारचं मला आज सांगून बघ," ते म्हणाले. "पहिल्यापासून. मी काहीच येत नसल्यासारखा विचारीन. पण मी अडलो तर रागवू नको हं, योगे."

योगितानं खडू उचलला.

"रागवेन," ती म्हणाली. "पण सांगेन."